दवाखान्यात एआय येतंय: परिचारिका, तंत्रज्ञ, डॉक्टर आणि आशाताई विचारतात ते प्रश्न

क्षयरोग शोधमोहिमेत हातात धरायचं एक्स-रे यंत्र आलं आणि त्याच्यासोबत फिल्म वाचणारा एआयही आला. ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेवर लक्षणं भरली की पुढे काय विचारायचं ते स्क्रीन सुचवू लागली. मोठ्या खासगी रुग्णालयांत डिस्चार्ज कार्डाचा मसुदा संगणक लिहून देऊ लागला. हे सगळं वरून आलं; ज्यांच्या हातात पडलं त्यांना आधी फारसं कोणी विचारलं नाही.

मी आरोग्य कर्मचाऱ्यांची प्रशिक्षणं घेते. शेवटी 'काही शंका?' विचारलं की हॉल गप्प असतो. खरे प्रश्न निघतात ते चहाच्या वेळी. इथे ते प्रश्न आणि त्यांची मला देता आली तशी उत्तरं आहेत. उदाहरणं बरीचशी छातीच्या एक्स-रेची आहेत, कारण ते काम मी जवळून पाहिलं आहे. माझं मत आधीच सांगते: या शंका अडाणीपणातून आलेल्या नाहीत. रोज पेशंटच्या जवळ उभं राहणाऱ्याला जे दिसतं ते यंत्र बनवणाऱ्याला दिसत नाही, आणि या प्रश्नांत तेच आहे.

माझी नोकरी जाणार का?

२०१६ साली जेफ्री हिंटन या एआयमधल्या नामवंत शास्त्रज्ञाने जाहीरपणे सांगितलं होतं की रेडिओलॉजिस्ट (एक्स-रे वाचणारे डॉक्टर) तयार करणं आता थांबवायला हवं, पाच वर्षांत यंत्र त्यांच्यापेक्षा सरस होईल. फार तर दहा वर्षं लागतील. हिंटन यांना २०२४ मध्ये नोबेल मिळालं, पण हे भाकीत काही खरं ठरलं नाही. आजही आपल्याकडे तालुक्याच्या गावी रेडिओलॉजिस्ट मिळणं मुश्कील आहे.

स्वीडनमध्ये स्तनांच्या कर्करोगाच्या तपासणीवर मोठी चाचणी झाली. ८० हजारांहून जास्त स्त्रिया त्यात होत्या आणि निष्कर्ष २०२३ मध्ये आले. एआय वापरल्यावर फिल्म वाचण्याचं काम ४४ टक्क्यांनी कमी झालं, कर्करोग सापडण्याचं प्रमाण घटलं नाही. पण एकही फिल्म डॉक्टरच्या नजरेखालून न जाता सुटली नव्हती. तिथे एरवी प्रत्येक फिल्म दोघे डॉक्टर वाचतात. चाचणीत एआयने कमी धोक्याची ठरवलेली एकाने वाचली, जास्त धोक्याची दोघांनी.

म्हणून उद्या सकाळी कोणी घरी बसवेल ही भीती मला खरी वाटत नाही. दुसरी भीती मात्र खरी वाटते. 'एआय आहे ना' या सबबीखाली रिक्त पद भरलंच जाणार नाही. चार जणांचं काम दोघांवर टाकून वर यंत्राचं नाव पुढे केलं जाईल. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या (एनएचएम) कंत्राटी कर्मचाऱ्याला हे सगळ्यात आधी भोवेल. त्यामुळे यंत्र येताना एवढंच विचारा: मंजूर पदांचं काय होणार? उत्तर लेखी मागा.

यंत्र दाखवतं तो स्कोर नेमका कशाचा? ०.७ म्हणजे ७० टक्के टीबी का?

नाही. आणि हा गैरसमज सगळीकडे आहे, डॉक्टरांमध्येसुद्धा, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ज्या हजारो फिल्म दाखवून यंत्राला शिकवलं, त्यांतल्या टीबीच्या फिल्मशी समोरची फिल्म किती जुळते याचा तो आकडा असतो. एका कंपनीच्या यंत्राचा ०.५ आणि दुसऱ्या कंपनीच्या यंत्राचा ०.५ यांचा अर्थ सारखा नसतो. कुठल्या आकड्याच्या वर 'संशयित' म्हणायचं ती रेषा कार्यक्रम राबवणारे ठरवतात. रेषा खाली आणली की टीबी सुटण्याची शक्यता घटते, पण ज्यांना टीबी नाही असेही ढिगाने यादीत येतात. वर नेली की उलट.

आता हिशोब पाहा. समुदायात टीबीची पहिली चाळणी करणाऱ्या चाचणीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने किमान अपेक्षा ठेवली आहे: टीबी असलेल्या १००पैकी ९० सापडावेत, आणि नसलेल्या १००पैकी ७० जणांना तरी ती बरोबर वगळता यावी. समजा तुमच्या शिबिरात १००० माणसं आली आणि त्यांतल्या १० जणांना खरोखर टीबी आहे. यंत्र त्या १०पैकी ९ पकडेल, १ सुटेल. उरलेल्या ९९० निरोगी माणसांपैकी ३० टक्के, म्हणजे २९७ जणांना ते उगाच संशयित म्हणेल. तुमच्या यादीत आले ३०६ आणि त्यांत टीबीचे निघाले ९.

यंत्र नापास झालं असा याचा अर्थ नाही, चाळणी अशीच चालते. ३०६ जणांची थुंकी तपासून ९ सापडणं हे १००० जणांची थुंकी तपासण्यापेक्षा परवडतं. पण ३०६ डब्या आणायच्या कोणी, 'लाळ नको, खोकून बेडका हवा' हे ३०६ जणांना समजवायचं कोणी, नमुने लॅबपर्यंत न्यायचे कोणी? एसटीएस (टीबीचे उपचार पर्यवेक्षक), टीबीएचव्ही (टीबीचे आरोग्य कार्यकर्ते) आणि आशाताई. थुंकीतला टीबी ओळखणाऱ्या, गोव्यात तयार होणाऱ्या ट्रूनॅट यंत्राच्या चिप्स तेवढ्या शिल्लक आहेत का हे शिबिराची तारीख काढण्याआधी पाहायला हवं. नाहीतर यादी पोर्टलवर पडून राहते आणि ते ९ जण खोकत घरी.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. यंत्राच्या पडद्यावर लाल ठिपका आला की कोणीतरी रांगेतच मोठ्याने बोलून जातं, "ताई, तुमचा टीबीचा आलाय." लग्नाची मुलगी असते, सुनेच्या शेजारी सासू उभी असते. तीनशेतल्या जवळपास तीनशे जणांना टीबी नसतो, पण ते गावाने ऐकलेलं असतं. पडदा पेशंटच्या रांगेकडे वळलेला नको आणि स्कोर मोठ्याने वाचायचा नाही. "फोटोत थोडी शंका आहे, थुंकी तपासू या" एवढंच बोलायचं, तेही बाजूला घेऊन.

यंत्राने 'नॉर्मल' दाखवलं आणि पुढे टीबी निघाला, तर जबाबदार कोण?

सगळ्यांच्या मनात हाच प्रश्न असतो आणि सगळे तो शेवटी विचारतात.

एआयच्या चुकीसाठी भारतात वेगळा कायदा नाही. वैद्यकीय निष्काळजीपणाचे जे निकष आहेत तेच लागू होतात. सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या जेकब मॅथ्यू खटल्यात जी कसोटी मान्य केली ती अशी: त्या क्षेत्रातल्या साधारण कौशल्याच्या माणसाने त्या परिस्थितीत जेवढी काळजी घेतली असती तेवढी तुम्ही घेतली का? 'यंत्राने सांगितलं' हे या कसोटीवर पुरेसं उत्तर नाही. टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये, २५ मार्च २०२० ला निघालेल्या, तर स्पष्टच लिहिलं आहे की एआय पेशंटला सल्ला देऊ शकत नाही आणि औषधही लिहून देऊ शकत नाही. ते डॉक्टरला मदत करू शकतं. शेवटचा सल्ला आणि शेवटची चिठ्ठी नोंदणीकृत डॉक्टरचीच.

म्हणजे सही ज्याची, जबाबदारी त्याची. वाचायला हे सरळ वाटतं, पण पाणी इथेच मुरतं. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरने शिबिरातल्या ४०० फिल्म स्वतः पाहिल्याच नाहीत, यादी मात्र त्याच्या लॉगिनमधून पुढे गेली. तंत्रज्ञाने फिल्म काढली, वाचली यंत्राने. काही चुकलं की कंपनी म्हणणार, 'आमचं साधन फक्त साहाय्यक आहे, तसं करारात लिहिलंय.' वरिष्ठ म्हणणार, 'क्लिनिकल निर्णय स्थानिक पातळीवरचा.' सगळ्यांनी हात वर केले की खापर फुटतं ते सगळ्यात खालच्या माणसावर.

म्हणून मी म्हणते, यंत्र सुरू होण्याआधी एक पान लिहून घ्या. फिल्म कोण पाहणार, 'नॉर्मल' फिल्मपैकी किती फिल्म डॉक्टर पुन्हा पाहणार, यंत्र बंद असताना काय करायचं, चूक सापडली तर कोणाला कळवायचं. त्यावर वरिष्ठांची सही घ्या. हे पान नसेल तर काम नाकारा असं मी म्हणणार नाही. ते नाकारणं कंत्राटी माणसाला परवडत नाही हे मला माहीत आहे. पण मागणी तरी लेखी करा आणि पोच घ्या.

शिवाय रोजच्या कामातली एक सवय तुम्हाला वाचवते: लक्षणं लिहा. यंत्र नॉर्मल म्हणतंय पण पेशंटला दोन आठवड्यांपासून खोकला आहे, संध्याकाळी ताप येतो, वजन उतरलंय, तर थुंकी तपासायची. फिल्म काहीही म्हणो. मानेतल्या गाठीचा टीबी छातीच्या एक्स-रेत दिसेलच असं नाही. एचआयव्ही असलेल्या पेशंटची फिल्म टीबी असूनही साफ दिसू शकते. आणि हेही ध्यानात ठेवा की मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा यंत्रवाचनाला मान्यता दिली ती १५ वर्षं आणि त्यावरच्या वयासाठी. लहान मुलाची फिल्म यंत्राच्या भरवशावर सोडू नका.

यंत्र एक म्हणतंय आणि मला दुसरंच वाटतंय. काय करू?

तुम्हाला काय वाटतंय ते लिहा, का वाटतंय तेही लिहा, आणि पेशंटच्या दृष्टीने जास्त सुरक्षित असेल ते करा. यंत्राने संशयित म्हटलं आणि तुम्हाला जुन्या टीबीचा व्रण दिसतोय? आधी उपचार झाले होते का विचारा, तरीही थुंकी पाठवा. दगडखाणीत किंवा क्रशरवर काम केलेल्या माणसाच्या छातीत सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, असू शकतो. यंत्र त्यालाही टीबी म्हणू शकतं. हे विचारायचं सुचतं ते माणसाला.

फक्त स्कोरवर टीबीची औषधं मात्र सुरू करायची नाहीत.

यंत्रावर विसंबून माझी नजर जाईल का?

जाऊ शकते. ही भीती मनाची समजूत नाही, याचे पुरावे आता येऊ लागले आहेत.

पोलंडमधल्या चार केंद्रांत मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करणाऱ्या अनुभवी डॉक्टरांवर एक अभ्यास झाला, तो २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. एआय येण्याआधी हे डॉक्टर कर्करोगात बदलू शकणाऱ्या गाठी २८.४ टक्के तपासण्यांत शोधत होते. एआयची सवय झाल्यावर त्यांनीच एआयशिवाय केलेल्या तपासण्यांत हे प्रमाण २२.४ टक्क्यांवर आलं. एकाच अभ्यासावरून सगळं ठरवता येत नाही, दोन काळांतले पेशंटही अगदी सारखे नसतात. पण मी हे प्रत्येक प्रशिक्षणात सांगते.

दुसरा अभ्यास २०२३ चा. २७ रेडिओलॉजिस्टना स्तनांचे एक्स-रे दाखवले आणि सोबत एआयचं म्हणून एक मत दिलं. त्यांतली काही मतं मुद्दाम चुकीची होती. एआयचं मत बरोबर असताना अतिशय अनुभवी डॉक्टर ८२ टक्के वेळा बरोबर होते. मत चुकीचं असताना ४५ टक्क्यांवर आले. नवख्या डॉक्टरांचं तर ८० वरून २० वर. यंत्राने आधी सांगून टाकलं की डोळे तेच पाहायला लागतात.

यावर मला माहीत असलेला उपाय साधा आहे. आधी फिल्म स्वतः पाहा, मनात किंवा कागदावर मत ठरवा, मग स्कोर उघडा. ज्या सॉफ्टवेअरमध्ये स्कोर आपोआप आधी येतो तिथे तो लपवण्याची सोय मागा. इंटर्न आणि नवीन तंत्रज्ञ यांच्या बाबतीत मी याहून कडक आहे: पहिले काही महिने त्यांनी यंत्राशिवाय फिल्म वाचली पाहिजे. जे मुळात शिकलंच नाही, ते विसरण्याचा तरी प्रश्न कुठे येतो? त्यांच्याकडे यंत्राची चूक पकडायला काहीच नसेल. नर्सिंग कॉलेजांनी आणि मेडिकल कॉलेजांनी याकडे आत्ताच लक्ष द्यायला हवं.

परदेशातल्या पेशंटवर शिकलेलं यंत्र आपल्या लोकांवर चालेल का?

तपासून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही, आणि तपासून पाहिलंय का हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

कोविडमध्ये घराघरांत पोचलेला ऑक्सिमीटर आठवा. त्यात एआय नव्हता. २०२० मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं की काळ्या पेशंटमध्ये रक्तातला ऑक्सिजन खरोखर कमी असूनही ऑक्सिमीटर ठीक दाखवत होता, आणि हे गोऱ्या पेशंटच्या जवळपास तिप्पट वेळा होत होतं. वर्षानुवर्षं वापरात असलेल्या साध्या उपकरणाची ही गत. असेच आकडे पुढे एआयला पुरवले जातात.

कधी कधी तर यंत्र भलतंच शिकतं. २०१८ च्या एका अमेरिकी अभ्यासात न्यूमोनिया ओळखणारं मॉडेल तपासलं तर त्याला फिल्म कोणत्या रुग्णालयातली आहे हेच ओळखता येत होतं. एका रुग्णालयात न्यूमोनियाचे पेशंट जास्त, म्हणून तिथली फिल्म दिसली की अंदाज वर. बाहेरच्या रुग्णालयात त्याची कामगिरी घसरली.

थायलंडचा अनुभव आपल्याला जास्त जवळचा आहे. मधुमेहाने डोळ्यांच्या पडद्यावर होणारा परिणाम ओळखणारा गुगलचा एआय तिथल्या ११ दवाखान्यांत लावला. हे साधन घडवण्यात मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचा आणि चेन्नईच्या शंकर नेत्रालयाचा हातभार होता. प्रयोगशाळेत ते उत्तम होतं. प्रत्यक्षात परिचारिकांनी काढलेल्या फोटोंपैकी २१ टक्के यंत्राने 'अस्पष्ट' म्हणून परत केले. खोलीत पुरेसा अंधार नव्हता, इंटरनेट रखडत होतं, रांग वाढत होती. फोटो नाकारला की पेशंटला दूरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवायचं असा नियम. डोळा ठीक दिसत असूनही पाठवावं लागे. परिचारिका वैतागल्या. २०२० मध्ये हे सगळं प्रसिद्ध झालं ते गुगलच्याच संशोधकांनी केलं, ही त्यांची जमेची बाजू.

आपल्या उपकेंद्रात खिडकीला पडदा आहे का, इथपासून सुरुवात करावी लागते.

काम कमी होईल म्हणाले होते. वाढलंच की!

हो. बहुतेक ठिकाणी वाढतं, कारण जुनं काम बंद न करता नवं सुरू केलं जातं. रजिस्टर आहे, पोर्टल आहे, त्यात अॅप आलं. एकच नाव तीनदा लिहायचं आणि तिन्हीकडे आकडा जुळला नाही तर स्पष्टीकरण द्यायचं.

महाराष्ट्राला याचा धडा आधीच मिळालाय. २०२१ मध्ये अंगणवाडीच्या नोंदींचं सरकारी पोषण ट्रॅकर अॅप मराठीत नाही, दिलेले मोबाइल गरम होतात आणि बंद पडतात, म्हणून अंगणवाडी सेविकांनी राज्यभर ते फोन सरकारला परत केले. तो वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. आता त्याच अॅपमध्ये चेहरा ओळखणं आलं आहे, आणि १ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी ते सक्तीचं झालं. चेहरा जुळत नाही, ओटीपी नवऱ्याच्या फोनवर जातो आणि नवरा कामावर. बाई बाळाला घेऊन उन्हात उभी. तिला पाकीट द्यायचं की नाही हा निर्णय यंत्राचा, आणि तिची बोलणी खायची सेविकेने.

एआय आणणाऱ्यांना मी एकच अट घालेन: एक नवी एन्ट्री सुरू करायची असेल तर आधी एक जुनी बंद करा. आणि यंत्राने वाढवलेल्या कामाचा मोबदला ठरवा. संशयितांची यादी मोठी झाली की आशाताईच्या फेऱ्या वाढतात. तिला पगार नाही, मोबदल्याचा बराच भाग कामागणिक ठरतो. मग या फेऱ्या कोणत्या हिशोबात धरायच्या?

वॉर्डात अलार्म देणारा एआय आला तर आमच्या अनुभवाला किंमत राहील का?

पेशंट 'बरा दिसत नाहीये' हे नाइट ड्युटीच्या सिस्टरला आकडे बदलण्याआधी कळतं. तो गप्प झालाय, घाम वेगळा आहे, नातेवाईक म्हणतात 'आज ओळखत नाहीये'. हे कोणत्याही मॉनिटरच्या तारेतून जात नाही.

अमेरिकेत शेकडो रुग्णालयांत वापरलं जाणारं सेप्सिस (संसर्गामुळे जिवावर बेतणारी अवस्था) ओळखणारं एक मॉडेल मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात स्वतंत्रपणे तपासलं गेलं, २०२१ मध्ये निष्कर्ष आले. सेप्सिस झालेल्यांपैकी ६७ टक्के त्याच्या हातून सुटले. उलट दाखल झालेल्या सगळ्या पेशंटपैकी १८ टक्क्यांवर ते वाजलं. इतकं वाजलं की माणूस ऐकेनासा होतो. आधीच एका सिस्टरकडे वॉर्डातले तीस-चाळीस पेशंट असताना पोकळ अलार्म म्हणजे खऱ्या पेशंटचा चोरलेला वेळ.

एप्रिल २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत परिचारिकांनी रुग्णालयाबाहेर निदर्शनं केली ती याच मागणीसाठी: यंत्रापेक्षा परिचारिकेच्या निर्णयावर विश्वास ठेवा. वॉर्डात असं काही लावायचं असेल तर ते निवडणाऱ्या समितीत वॉर्डात प्रत्यक्ष ड्युटी करणारी सिस्टर हवी. मेट्रन, म्हणजे परिचारिकांच्या प्रमुख, आहेत तेवढ्याने भागत नाही.

रिपोर्टचा फोटो चॅटजीपीटीत टाकून विचारलं तर चालेल का? नाव झाकलेलं आहे.

नाव झाकलं तरी रजिस्ट्रेशन नंबर, गाव, वय, तारीख, कोपऱ्यातला बारकोड राहतो. लहान गावात 'अमुक वाडीतली २३ वर्षांची गरोदर बाई' एवढं पुरे असतं. त्यामुळे पेशंटची कागदपत्रं अशा सार्वजनिक साधनांत टाकू नका. एचआयव्हीबाबत तर गुप्तता २०१७ च्या कायद्यानेच बंधनकारक आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहिती नीट न सांभाळणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एवढं सांगितलं की वरिष्ठ ऐकतात.

औषधाची माहिती, आजाराची उजळणी, प्रशिक्षणाची टिपणं यासाठी खुशाल वापरा. डोस मात्र पुस्तकातून पडताळा. आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर पेशंटच्या फिल्म टाकायची जी सवय आपल्याला एआयच्या आधीपासून आहे, ती यानिमित्ताने सुटली तर बरंच होईल.

बोललेलं ऐकून केसपेपर लिहिणारी साधनं वापरावीत का?

वेळ वाचतो हे खरं आहे, आणि लिहिण्यात बुडालेल्या डॉक्टरने मान वर करून पेशंटकडे पाहिलं तर मला आनंदच आहे. पण ही साधनं न बोललेली वाक्यंही लिहितात. बोलणं लिहून काढणाऱ्या व्हिस्पर या प्रसिद्ध साधनावरच्या २०२४ च्या अभ्यासात सुमारे एक टक्का ध्वनिमुद्रणांच्या लिखाणात अशी पदरची वाक्यं सापडली. माणूस बोलताना थांबतो, अडखळतो, तिथे ती जास्त येतात. आजारी माणूस तर थांबत थांबतच बोलतो. तो इंग्रजीचा अभ्यास होता. आपल्या ओपीडीत एकाच वाक्यात मराठी, हिंदी, इंग्रजी येतं, मागे पंखा आणि रडणारं मूल. सही करण्याआधी चार गोष्टी तरी डोळ्यांखालून घाला: औषधाचं नाव, मात्रा, कोणत्या बाजूचा अवयव, आणि अॅलर्जी.

हातातल्या एक्स-रे यंत्राच्या किरणांचं काय?

एआय असो वा नसो, किरणं तीच. टीएलडी बॅज (अंगावर पडलेली किरणं मोजणारा बिल्ला), लेड एप्रन, गरोदर बाईला आधी विचारणं, रांग दूर ठेवणं, हे सगळं तसंच पाळायचं. यंत्र हलकं आहे म्हणून कोणाच्याही हातात द्यायचं नाही. प्रशिक्षित माणूसच हवा. बॅज मिळाला नसेल तर शिबिराआधी मागून घ्या.

नेट गेलं, लाइट गेली, सर्व्हर पडला तर?

२३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि कितीतरी दिवस ओपीडी, लॅब, बिलं सगळं हाताने चालवावं लागलं. देशातल्या एवढ्या नामवंत रुग्णालयाचं हे झालं. कागदाची पद्धत मोडीत काढू नका, आणि नव्या माणसालाही ती शिकवा.

पेशंटला सांगायचं का, की यंत्राने वाचलंय?

सांगायचं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) मार्च २०२३ मध्ये आरोग्यातल्या एआयसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढली. पेशंटची स्वायत्तता आणि माणसाची देखरेख ही त्यांतली पायाभूत तत्त्वं आहेत. शब्द सोपे ठेवा: "हा फोटो आधी कॉम्प्युटर पाहतो, शंका आली तर आम्ही पुढची तपासणी करतो. नको असेल तर तसं सांगा, थुंकी सरळ तपासू." बहुतेक लोक हो म्हणतात. कोणी नाही म्हटलं तर त्याची सेवा अडता कामा नये.

आमच्यावर पाळत ठेवायला तर हे आणलं नाही ना?

काही साधनांचा तसा वापर होऊ शकतो. कोणी किती मिनिटांत किती फिल्म काढल्या, कोणी यंत्राचं मत किती वेळा नाकारलं, हे सगळं नोंदलं जातं. त्यावरून कामाचं मूल्यमापन होणार असेल तर आधी सांगितलं पाहिजे. यंत्राचं मत नाकारल्याबद्दल जाब विचारला जाऊ लागला, तर दुसऱ्या महिन्यापासून कोणी नाकारणार नाही आणि पेशंटचा शेवटचा आधार जाईल. यावर युनियनने बोलायलाच हवं.

कंपनीचा माणूस डेमोला येणार आहे. काय विचारू?

औषधं आणि उपकरणांची केंद्रीय नियामक संस्था सीडीएससीओ हिचा परवाना दाखवा म्हणा; १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय सॉफ्टवेअरही उपकरणाच्या व्याख्येत आहे. कुठल्या पेशंटवर तपासलं, त्यांत आपल्यासारखे किती होते, आणि तपासणी कंपनीने स्वतः केली की बाहेरच्यांनी? सोनोग्राफीचं यंत्र असेल तर पीसीपीएनडीटीची (गर्भलिंग निदान रोखणाऱ्या कायद्याची) नोंदणी झाली आहे का हे पहिल्या मिनिटाला विचारा. छोटं आणि हुशार यंत्र म्हणजे जास्त काळजी. माहिती कुठे साठते, करार संपला की ती कोणाची? मराठीत पडदा आहे का? सॉफ्टवेअर अपडेट झालं की आम्हाला कळवणार का, कारण अपडेटनंतर तोच स्कोर वेगळा येऊ शकतो. आणि सगळ्यात उपयोगी प्रश्न: हे यंत्र कुठे चुकतं? 'कुठेच नाही' म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. चुका सांगणाऱ्याशी पुढे बोलता येईल.

मी शंका काढली तर 'जुनाट' म्हणतील. बोलू की नको?

बोला, पण पुराव्यानिशी. एक वही करा: तारीख, यंत्राने काय दाखवलं, प्रत्यक्षात काय निघालं, किती वेळ गेला. पेशंटचं नाव नको, फक्त अनुक्रमांक. दोन महिन्यांनी ती वही मासिक बैठकीत ठेवा आणि इतिवृत्तात नोंद करायला सांगा. 'मला हे आवडत नाही' म्हणणाऱ्याला गप्प करणं सोपं असतं. 'चाळीस फिल्मपैकी नऊ पुन्हा काढाव्या लागल्या, कारण समाजमंदिरात जागा अपुरी आहे' म्हणणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. यंत्र चांगलं चाललं तर तेही लिहा. डॉक्टर सुट्टीवर असताना यंत्राने एखाद्याचा टीबी पकडला असेल तर ती नोंदही तुमचीच आहे.

इतिवृत्ताची प्रत मागून घ्या आणि आपल्याकडे ठेवा.